तेराव्या लिओंचे विश्वपत्र आणि पिंगळीचे शिवार

दिनांक ८ मे २०२५ रोजी कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी ‘चौदावे लिओ’ हे नाव धारण केले. दोनच दिवसांनी कार्डिनल मंडळापुढे बोलताना त्यांनी त्या नावामागील कारणही सांगितले. पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात ज्या तेराव्या लिओंनी श्रमिकांचा प्रश्न हाती घेतला, त्यांचे स्मरण त्यांना करावयाचे होते. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या युगात मानवाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच नवे आव्हान उभे आहे, असे त्यांना वाटत होते. तेव्हापासून आपल्या धर्मग्रामांतून तेराव्या लिओंचे नाव पुन्हा ऐकू येऊ लागले. प्रवचनांतून त्यांचा उल्लेख झाला, नियतकालिकांतून त्यांची छायाचित्रे आली. परंतु नाव ओठांवर येणे आणि ग्रंथ हाती येणे यांत पुष्कळ अंतर असते. ज्या विश्वपत्रामुळे हे नाव अजरामर झाले, ते ‘रेरुम नोवारुम’ आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे?

गौरवलेख लिहिणे सोपे असते. परंतु ज्याचे ऋण मोठे, त्याचे लेखन चिकित्सकपणे वाचणे हाही कृतज्ञतेचाच एक प्रकार आहे. म्हणून येथे या विश्वपत्राचे थोडे पुनर्वाचन करण्याचा विचार आहे. आणि ते रोममध्ये बसून नव्हे, तर परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पिंगळी या गावाच्या शिवारात बसून. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके, पावसाने दगा दिला की सावकाराचे दार, आणि स्वतःची जमीन नसलेल्यांच्या वाट्याला रोजंदारी, सालगडीपण किंवा उसाच्या फडाची वाट. १८९१ साली व्हॅटिकनच्या राजवाड्यात लॅटिन भाषेत लिहिलेले पत्र या बांधावर वाचले, तर त्यातील काय टिकते आणि काय निखळून पडते, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

लेखक आणि त्याचे आपल्यावरील ऋण

विन्चेन्झो जोआकिनो पेच्ची यांचा जन्म २ मार्च १८१० रोजी इटलीतील कार्पिनेतो या डोंगराळ गावी झाला. १८४३ ते १८४६ या काळात ते बेल्जियममध्ये पोपचे राजदूत होते. युरोप खंडात कारखानदारी आधी रुजली ती ज्या देशांत, त्यांपैकी बेल्जियम हा एक. त्यानंतर बत्तीस वर्षे त्यांनी पेरुजिया धर्मप्रांताची धुरा वाहिली. २० फेब्रुवारी १८७८ रोजी ते पोप झाले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते आणि प्रकृती तोळामासा होती. हे फार दिवसांचे सोबती नाहीत, असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात त्यांनी पंचवीस वर्षे ख्रिस्तसभेचे सुकाणू सांभाळले आणि २० जुलै १९०३ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी देह ठेवला.

त्यांच्या वाट्याला आलेले पोपपद हे राज्य गमावलेले पोपपद होते. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि त्यानंतर १९२९ पर्यंत एकाही पोपने व्हॅटिकनची सीमा ओलांडली नाही. हाती तलवार नाही, महसूल नाही, प्रजा नाही. उरली ती केवळ लेखणी. तेराव्या लिओंनी ती लेखणी अशी चालवली की राज्य गेल्यामुळेच पोपपदाचा आवाज अधिक दूरवर पोहोचला. संत थॉमस अक्विनास यांच्या तत्त्वज्ञानाचे पुनरुज्जीवन करणारे १८७९ चे विश्वपत्र, १८८१ साली अभ्यासकांना खुली केलेली व्हॅटिकनची दप्तरे आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासाविषयीचे १८९३ चे विश्वपत्र ही त्याच लेखणीची आणि दृष्टीची फळे होत.

आपल्या भूमीवरील त्यांचे ऋण तर प्रत्यक्ष नकाशावर दिसते. १ सप्टेंबर १८८६ रोजी त्यांनी भारतात धर्मप्रांतांची नियमित रचना प्रस्थापित केली. मुंबई महाधर्मप्रांत झाला. पुणे आणि हैदराबाद हे धर्मप्रांत झाले. पुढच्याच वर्षी नागपूर धर्मप्रांत अस्तित्वात आला. आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. या भागासाठी औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला. पण त्या वृक्षाचे बीज लिओंच्या काळात पडले होते. २४ जून १८९३ च्या पत्राने त्यांनी भारतीय धर्मगुरू भारतातच घडवावेत असा आग्रह धरला आणि कँडी येथे पोपच्या सेमिनरीची पायाभरणी झाली. हिंदुस्थानच्या तारणाचे सेवक हिंदुस्थानचेच पुत्र असतील, असा त्यांच्या आग्रहाचा आशय होता. हीच सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली आणि तिने माझ्यासारख्या अनेकांना घडविले. मी लिहितो ते या ऋणाच्या जाणिवेने.

तरी या रचनेतही एक उणीव राहिली, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पोर्तुगालच्या पाद्रुआदो हक्काशी १८८६ साली तडजोड करताना मुंबई परिसरात दुहेरी अधिकाराची गाठ तशीच राहू दिली गेली. एकाच वस्तीत काही कुटुंबे एका महागुरुस्वामींच्या आणि काही दुसऱ्यांच्या अधिकाराखाली, हा प्रकार १९२८ च्या करारापर्यंत चालू होता. सलोख्यासाठी प्रश्नाचे टोक बोथट करावयाचे, हा लिओंच्या मुत्सद्देगिरीचा गुणही होता आणि दोषही. ‘रेरुम नोवारुम’ वाचतानाही हा स्वभाव ध्यानात ठेवावा लागतो.

शीर्षकातील भय

१५ मे १८९१ रोजी प्रसिद्ध झालेल्या या विश्वपत्राच्या नावाचा अर्थ ‘नव्या गोष्टींविषयी’ असा सांगितला जातो आणि त्यावरून ते पुरोगामी घोषणापत्र असावे असा वाचकाचा ग्रह होतो. परंतु लॅटिन भाषेत ‘रेस नोवे’ म्हणजे नुसत्या नव्या गोष्टी नव्हेत. उलथापालथ, राज्यक्रांती असा त्याचा रूढ अर्थ आहे. पत्राचे पहिलेच वाक्य क्रांतीच्या लालसेने जग ढवळून निघाल्याची चिंता व्यक्त करते. म्हणजे ज्या ग्रंथाकडे आपण नव्याचे स्वागत म्हणून पाहतो, तो प्रत्यक्षात नव्याच्या भयातून लिहिला गेला आहे. लेखकासमोर एका बाजूला निर्दय भांडवलशाही आहे आणि दुसऱ्या बाजूला खाजगी मालमत्ता नष्ट करू पाहणारा समाजवाद. कामगाराचे दुःख थोडक्यात मांडून झाले की लगेच पुढची अनेक पृष्ठे समाजवादाचे खंडन करण्यातच खर्ची पडतात.

मात्र ते दुःख मांडताना लेखणी कचरत नाही. मूठभर धनिकांनी असंख्य श्रमिकांच्या मानेवर जवळजवळ गुलामीचेच जू लादले आहे, असे ते सांगतात. जुन्या कारागीर संघटना मोडल्या, नव्या उभ्या राहिल्या नाहीत आणि एकटा पडलेला कामगार मालकाच्या हावेपुढे उघडा पडला, हे त्यांचे निदान आहे. सावकारी लोभ तेवढा वेष पालटून अजून जिवंत आहे, हेही ते बजावतात. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाक्याची धग वेगळी सांगावी लागत नाही.

येथे महाराष्ट्रातील काही तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. १० जून १८९० रोजी त्या कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे महात्मा जोतीराव फुले निवर्तले. १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने लिओंचे विश्वपत्र आले आणि त्यात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरलेला होता. लोखंडे हे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. त्यांच्या कामगारांना रविवार हा खंडोबाचा वार. आपल्याला तो प्रभूचा दिवस. थकलेल्या शरीराला मात्र दोन्ही नावांनी एकच विसावा हवा होता. श्रमिकांचा न्याय आम्हीच प्रथम उच्चारला, असा अभिमान ख्रिस्ती वाचकाच्या मनात डोकावत असेल, तर या तारखा त्याला नम्र करतील. रोमच्या आधी परळ-गिरगावचा आवाज उठला होता.

त्याच १८९१ साली इंग्रज सरकारने कारखान्यांचा कायदा सुधारला. स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची आणि ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलांच्या कामाला ७ तासांची मर्यादा पडली. कायद्याने नऊ वर्षांच्या मुलाला गिरणीचे दार उघडे ठेवले. लिओंनी मात्र शरीर व मन पुरेसे विकसित होईपर्यंत मुलाला कारखान्यात घालूच नये असे सांगितले. कायदा तास मोजत होता, विश्वपत्र माणूस पाहत होते. ग्रंथाची ही उंची मान्य केलीच पाहिजे.

गावचा भाव आणि न्याय

या विश्वपत्रातील सर्वांत टिकाऊ भाग मजुरीविषयीचा आहे. त्या काळचे अर्थशास्त्र असे सांगे की मालक आणि मजूर यांनी खुशीने ठरविलेली मजुरी मालकाने चुकती केली की त्याचे कर्तव्य संपले. लिओ हे मानत नाहीत. ते म्हणतात, श्रमाला दोन अंगे आहेत. श्रम हे व्यक्तीचे स्वतःचे आहेत, म्हणून ती ते कमी मोलातही देऊ शकेल. परंतु श्रम हे जगण्यासाठी आवश्यकही आहेत आणि जगणे हे कुणाच्या खुशीवर सोडता येत नाही. तेव्हा कोणत्याही कराराच्या आधी आणि वर नैसर्गिक न्यायाची एक मर्यादा उभी आहे: मजुरी इतकी हवी की काटकसरी व सदाचारी कामगाराचा निर्वाह व्हावा. गरजेपोटी किंवा याहून वाईट वेळ येईल या भीतीपोटी मजुराने कमी मजुरी स्वीकारली, तर तो करार नव्हे, ती जबरदस्ती होय.

आता हे वाक्य पिंगळीच्या शिवारात नेऊन ठेवा. येथे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. त्याआधी मुलीचे लग्न किंवा घरातले आजारपण यासाठी त्याने उचल घेतलेली असते. पाडव्याच्या दिवशी मालकासमोर बसून तो जो आकडा मान्य करतो, तो खुशीचा असतो का? ऊसतोडीला जाणारे जोडपे दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, तेव्हा मुकादमाची उचल त्यांच्या डोक्यावर असते. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’, टनावर हिशेब, हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षाचे श्रम आधीच विकलेले. लिओंनी मराठवाड्याचे नावही ऐकले नसेल; पण उचल या व्यवहाराचे इतके नेमके नैतिक विश्लेषण अन्य धर्मग्रंथांत सहसा सापडणार नाही.

आणि येथे मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे, कारण ते टाळले तर हा लेख खोटा ठरेल. काही वर्षांपूर्वी १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला, मी याच विश्वपत्रावर बोलणार होतो. आदल्या दिवशी धर्मग्रामाच्या जमिनीत धसकटे वेचण्याचे काम चालू होते. संध्याकाळी हजेरीपत्रक सहीसाठी समोर आले. पुरुषांच्या नावांपुढे एक आकडा होता, स्त्रियांच्या नावांपुढे त्याहून बराच कमी. मी नेहमीप्रमाणे सही केली. पैसे घेताना एका बाईंनी पदराने तोंड पुसत विचारले, “फादर, बायांवर ऊन कमी पडतंय का?” मी म्हणालो, “बाई, गावचा भावच तसा आहे.” त्या काही न बोलता गेल्या. रात्री टेबलावर विश्वपत्र उघडे होते. बाजारभाव म्हणजे न्याय नव्हे, असे सांगणारे पान मी दुसऱ्या दिवशीच्या भाषणासाठी खूण करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी भाषण केले नाही. जे घडले ते मिस्सेत सांगितले आणि पुढील कामापासून दोघांना समान मजुरी देण्याचे जाहीर केले. सर्वांना ते रुचले नाही. धर्मग्रामातीलच काही शेतकरी बांधव म्हणाले, फादर गावचा भाव बिघडवीत आहेत. त्यांच्या रागातही तथ्य होते. सोयाबीनला भाव नसताना लहान शेतकऱ्याने वाढीव मजुरी कोठून द्यावी? लिओंच्या विश्वपत्रात या प्रश्नाचे उत्तर नाही. त्यांच्यासमोर श्रीमंत मालक आणि गरीब कामगार असे दोनच गट आहेत. स्वतः कर्जात बुडालेला मालक आणि त्याच्या बांधावर राबणारा त्याहून गरीब मजूर हे चित्र त्यांच्या नजरेत नव्हते. शेतीच्या दुरवस्थेचा सविस्तर विचार ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत यायला तेविसाव्या योहानांचे १९६१ चे ‘मातेर एत मॅजिस्त्रा’ यावे लागले.

एका उपमेची चिकित्सा

आता मी या ग्रंथातील अशा स्थळाकडे येतो, जेथे भारतीय वाचकाने थबकलेच पाहिजे. श्रीमंत आणि गरीब हे निसर्गतःच एकमेकांचे शत्रू आहेत, हा विचार खोडून काढताना लिओ मानवी शरीराची उपमा देतात. शरीराचे अवयव भिन्न असले तरी त्यांच्या मेळातून शरीराची सुसंगती साधते. तसेच समाजातील दोन वर्गांनी एकमेकांशी जुळवून घ्यावे, कारण भांडवलाला श्रमावाचून आणि श्रमाला भांडवलावाचून चालत नाही. याच ओघात ते सांगतात की बुद्धी, कौशल्य, आरोग्य आणि बळ यांत माणसे निसर्गतःच असमान असतात आणि त्यातून परिस्थितीची असमानता आपोआप निर्माण होते.

युरोपातील वाचकाला ही उपमा ओळखीची होती. रोमच्या सामान्य जनांनी संप केला तेव्हा त्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून परत आणल्याची कथा तो शाळेत वाचत आला होता. परंतु हीच उपमा आपल्या कानांना कशी ऐकू येते? या भूमीत शरीराची उपमा निरागस नाही. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण आणि पायांपासून शूद्र झाल्याचे सांगितले आहे आणि त्या एका रूपकाच्या आधारे शतकानुशतके माणसांना पायाशी ठेवण्यात आले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या उत्पत्तिकथेची जी खिल्ली उडविली, ती काही केवळ विनोदासाठी नव्हे. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे आणि तीही एकाच्या डोक्यावर दुसरा अशी. हे सर्व ज्यांच्या पूर्वजांनी सोसले आहे, त्यांना अवयवांच्या सुसंगतीविषयीचे प्रवचन सांत्वन देत नाही. ते जुन्या जखमेवर बोट ठेवते. आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य कुटुंबे अशाच पूर्वजांची आहेत. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळत नाही. मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती तेवढ्या विरघळतात, हा त्यांचा रोजचा अनुभव आहे.

लिओंवर जातीच्या समर्थनाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. मे १८८८ मध्ये ब्राझीलच्या महागुरुस्वामींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी गुलामगिरीचा स्पष्ट निषेध केला आहे. ‘रेरुम नोवारुम’मध्येही देवाचा पुत्र सुताराच्या घरी राबला, तेव्हा गरिबीत लाजिरवाणे काही नाही, असे ते सांगतात. श्रीमंताला आपल्या संरक्षणाची साधने असतात, गरिबाला राज्यावाचून कोणी नाही, म्हणून राज्याने गरिबाची विशेष काळजी घ्यावी, हे त्यांचे वाक्य तर पुढील शतकातील ‘गरिबांना प्राधान्य’ या विचाराचे बीजच आहे. प्रश्न हेतूचा नाही, उपमेचा आहे. उपमा आपल्या लेखकाच्या हेतूपलीकडे जाऊन काम करते. असमानता ‘निसर्गतः’ येते असे म्हटले की अन्यायाने आलेली असमानताही त्याच शब्दाच्या आडोशाला उभी राहते. बाईच्या कमी मजुरीला ‘गावचा भाव’ म्हणताना मी दुसरे काय केले होते?

आश्चर्य असे की उपाय लिओंच्या हाताशीच होता. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात हीच शरीराची उपमा वापरली आहे. पण तिचे टोक उलटे फिरविले आहे. जे अवयव दुर्बळ वाटतात ते अधिक आवश्यक आहेत, ज्यांना आपण कमी मानतो त्यांना अधिक मान द्यावयाचा आहे आणि एक अवयव दुखावला तर सर्वांना दुखते, असे पौल सांगतो. रोमन कथेत अवयव पोटाला पोसण्यासाठी परत येतात. पौलाच्या शरीरात मस्तकही पायाला, तुझी गरज नाही, असे म्हणू शकत नाही. पुरुषसूक्ताच्या छायेत वाढलेल्या समाजाला ऐकवायचे असेल, तर शरीराचे रूपक पौलाच्याच धारेने ऐकविले पाहिजे. लिओंनी मुत्सद्द्याची उपमा निवडली; प्रेषिताची उपमा हाताशी असताना ती तशीच राहिली.

ज्या जागा रिकाम्या राहिल्या

स्त्रीविषयीचा परिच्छेदही आज तसाच स्वीकारता येणार नाही. काही कामे स्त्रीला योग्य नाहीत, स्वभावतः ती गृहकार्यासाठी आहे, असे तेथे म्हटले आहे. खाणीत आणि गिरणीत पिचणाऱ्या स्त्रियांविषयीच्या कळवळ्यातून ते आले, हे खरे. पण आपल्याकडे खुरपणी, कापसाची वेचणी, उसाची मोळी बांधून डोक्यावर वाहणे ही कामे स्त्रीच करते. आणि घरी परतल्यावर चूल तिचीच. जी घरात असावी असे ग्रंथ म्हणतो, ती शेतात आहे. म्हणून तिच्या मजुरीचा हिशेब ग्रंथात नाही. त्या बाईंच्या प्रश्नाला विश्वपत्राने अर्धेच उत्तर दिले: गावचा भाव म्हणजे न्याय नव्हे, हे त्याने मला शिकविले, समान श्रमाला समान मोल, हे मला त्या बाईंकडून शिकावे लागले.

संघटनेविषयी लिओ ठाम आहेत. कामगारांना संघ स्थापण्याचा नैसर्गिक अधिकार आहे आणि राज्याने तो हिरावून घेऊ नये, असे ते सांगतात. मात्र त्यांचा ओढा धर्मनिष्ठ ख्रिस्ती संघांकडे आहे. परभणी जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली. ऊसतोडीच्या टोळीत सर्व जातिधर्मांची माणसे एका फडात राबतात. तेथे निराळा ख्रिस्ती संघ काढणे म्हणजे दुर्बळाला आणखी दुर्बळ करणे. लोखंड्यांच्या सभांना जे साधले, ते सर्व कामगार एकत्र आल्यामुळेच.

मालमत्तेविषयीचे त्यांचे विचार पुष्कळदा धनिकांनी आपल्या सोयीने वापरले. पण शेवटपर्यंत वाचणाऱ्याला तेथे दुसरेच काही आढळते: खाजगी मालमत्ता पवित्र आहे, म्हणूनच ती अधिकाधिक लोकांच्या वाट्याला यावी आणि कायद्याने त्यास साहाय्य करावे, असे ते म्हणतात. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांची मागणी याहून फार निराळी नव्हती. गायरान कसणाऱ्या कुटुंबाला सात-बारावर नाव हवे असते. ते मालमत्तेचे शत्रू नसते, मालमत्तेची वाट पाहत असते.

उपसंहार

ग्रंथाची थोरवी तो अचूक असण्यात नसते. आपल्या चुका दुरुस्त करण्याचे सामर्थ्य तो वाचकाला देतो की नाही, यात असते. या कसोटीला ‘रेरुम नोवारुम’ उतरते. १९३१ साली अकराव्या पायसांनी कुटुंबाला पुरेल अशी मजुरी अधिक स्पष्ट शब्दांत मागितली. १९८१ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी भांडवलापेक्षा श्रम श्रेष्ठ, असे निःसंदिग्धपणे मांडले. म्हणजे शरीराच्या उपमेतील समतोल त्यांनी श्रमाच्या बाजूने झुकविला. १९७१ च्या सिनडने तर ख्रिस्तसभेलाच आरसा दाखविला: जो न्यायाविषयी बोलू इच्छितो त्याने आधी स्वतः न्यायी असले पाहिजे आणि ख्रिस्तसभेच्या सेवेत असणाऱ्यांनाही पुरेसे वेतन मिळाले पाहिजे. या सर्वांनी लिओंना खोडले नाही, त्यांना पुढे नेले. भयाने आरंभ झालेल्या पत्रातून धैर्याची परंपरा निर्माण झाली, हे लिओंचे खरे यश होय.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की तेराव्या लिओंचा गौरव आपण त्यांच्या छायाचित्राला हार घालून करू नये. आपल्यापैकी कुणाकडे सालगडी आहे, कुणाकडे धुणी-भांडी करणारी बाई, कुणाच्या दुकानात पोरगेलेसा नोकर. आणि आम्हा धर्मगुरूंकडे आचारी, माळी व शाळेचे शिपाई आहेत. त्यांच्या हिशेबाची वही आणि हे विश्वपत्र एकदा शेजारी ठेवून वाचावे. वाचताना ग्रंथाच्या उणिवा दिसतील, तशा आपल्याही दिसतील.

समान मजुरी देऊन माझ्यापुढचे प्रश्न संपलेले नाहीत. ज्या शेतकरी बांधवांनी नाराजी दाखविली त्यांपैकी काही जण अजूनही माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत आणि त्यांच्या शेतातील भाव तोच आहे. पण आता हजेरीपत्रक समोर आले की सही करण्यापूर्वी मी प्रत्येक नाव वाचतो आणि त्यापुढचा आकडा पाहतो.